हात आणि बोल पुन्हा एका जागी: घरगुती डीव्हीडीसाठी एमकेव्हीटूलनिक्स

घरी किंवा गावातल्या स्टुडिओत बनवून घेतलेल्या डीव्हीडीत चित्र आणि आवाजाची फारकत झाली असेल, तर पैसे खर्च करण्याआधी एमकेव्हीटूलनिक्स वापरून बघा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि ते मूळ चित्राला धक्का लावत नाही. मी मिरजेत तबला शिकवते. संगणकाचं शिक्षण घेतलेलं नाही, तरी हे मला जमलं.

माझ्याकडे गुरुजींच्या शिकवणीच्या नव्वदच्या दशकातल्या व्हीएचएस कॅसेट होत्या. २००७ च्या सुमारास त्या एका स्टुडिओतून डीव्हीडीवर उतरवून घेतल्या. पेशकार, म्हणजे तबलावादनाची संथ सुरुवात, चालू असेपर्यंत सगळं ठीक वाटतं. कायदा (त्यानंतर वाजवायची बोलांची रचना) सुरू झाला की काहीतरी खटकायला लागतं. तास संपत येतो तेव्हा तिहाईचा (तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणाऱ्या तुकड्याचा) शेवटचा ‘धा’ वाजवून गुरुजींनी हात उचललेला दिसतो आणि ‘धा’ त्यानंतर ऐकू येतो. स्टुडिओवाल्यांना दाखवलं तर म्हणाले, “ताई, कॅसेटच जुनी, आवाज पुढंमागं होणारच.” कॅसेट जुनी होती हे खरं, पण दोष दुरुस्त होण्यासारखा होता.

लग्नाच्या डिस्कमध्ये थोडा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत याचे आकडेच दिले आहेत: आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला तर माणसाला जाणवतो, मागे पडला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही. तबल्याला ही सवलत नाही. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. मात्रेत चार अक्षरं असली तर एक अक्षर जेमतेम ६२ मिलिसेकंदांचं. आवाज १२५ मिलिसेकंद मागे असेल तर डोळ्यांना ‘तिरकिट’मधलं ‘कि’ दिसतं आणि कानाला ‘ति’ ऐकू येतं. बोटं कुठे पडतात हे बघून शिकणाऱ्या मुलांना अशी डिस्क दाखवणं म्हणजे चुकीचा निकास, बोल काढण्याची चुकीची पद्धत, शिकवणं.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी टीव्ही तपासून घ्या. टीव्हीला साउंडबार किंवा ब्लूटूथ हेडफोन जोडला असेल तर आवाज सगळ्याच डिस्कना सारखाच मागे पडतो. तो बऱ्याचदा टीव्हीच्या सेटिंगमधून सुधारता येतो. तीच डिस्क लॅपटॉपवर, वायरच्या हेडफोनने ऐका. तिथेही फरक राहिला तर दोष डिस्कमध्ये आहे.

मग तो फरक कायम तेवढाच आहे की वाढत जातो, हे बघायचं. त्यासाठी व्हीएलसी प्लेअरइतकं सोयीचं दुसरं काही मला सापडलं नाही. ‘जे’ दाबलं की आवाज ५० मिलिसेकंद अलीकडे येतो, ‘के’ दाबलं की तेवढाच पलीकडे जातो. ‘ई’ दाबत गेलं की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं. आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्ही-व्हिडिओच्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. चाटेवर (तबल्याच्या कडेवर) तर्जनी पडते ती फ्रेम शोधायची आणि तिथला ‘ना’ जुळेपर्यंत ‘जे’ दाबायचं. हे सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा करायचं. मुलाखतीच्या किंवा भाषणाच्या डिस्कमध्ये ओठांवरून हे ठरवणं कठीण जातं. तिथे टाळी किंवा टेबलावर ठेवलेला पेला शोधावा. मात्र व्हीएलसीत केलेली दुरुस्ती फाइलमध्ये राहत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

माझ्या एका डिस्कमध्ये सुरुवातीला फरक नव्हता आणि तासाच्या शेवटी आवाज १.८ सेकंद मागे होता. हे कशामुळे होतं तेही समजून घेण्यासारखं आहे. कॅसेट उतरवताना चित्र कॅप्चर कार्डातून (कॅसेटचं चित्र संगणकात घेणाऱ्या भागातून) आणि आवाज साउंड कार्डातून गेला असेल, तर दोघांची घड्याळं वेगळी. साउंड कार्डाने सेकंदाला ४८,००० ऐवजी आवाजाचे ४८,०२४ नमुने घेतले तर ऐकताना काही कळत नाही, पण तासाभरात आवाज नेमका १.८ सेकंद लांबतो. दुसरं कारण म्हणजे जुन्या टेपचा सिग्नल डळमळला की कार्ड मधल्या फ्रेम गाळतं. चित्र आखूड होतं, आवाज पूर्ण राहतो.

आता एमकेव्हीटूलनिक्स. डिस्कवरचा व्हिडिओ_टीएस फोल्डर संगणकावर उतरवून घ्यायचा, त्यातली व्हीटीएस_०१_१ ही व्हीओबी फाइल (डीव्हीडीवरची व्हिडिओ फाइल) सॉफ्टवेअरच्या खिडकीत ओढून टाकायची. पुढच्या क्रमांकांच्या फाइली ते आपोआप जोडून घेतं. चित्राचा किंवा आवाजाचा ट्रॅक निवडला की उजवीकडे दोन रकाने दिसतात. एकात विलंब मिलिसेकंदांत भरायचा, दुसऱ्यात ताण, म्हणजे ट्रॅक किती पट लांबवायचा तो आकडा. फरक सगळीकडे सारखा असेल तर पहिला पुरतो. फरक वाढत जाणारा असेल तर दुसरा लागतो.

इथे माझं ठाम मत आहे: संगीताच्या डिस्कमध्ये ताण आवाजाला देऊ नका, चित्राला द्या. हे सॉफ्टवेअर आवाज नव्याने तयार करत नाही, फक्त प्रत्येक तुकडा कधी वाजवायचा याची वेळ बदलतं. आवाजाच्या तुकड्यांच्या वेळा हलवल्या की काही प्लेअर मध्येच बारीक टिचकी देतात किंवा कण गाळतात. लेहऱ्याच्या (तबल्याच्या साथीला फिरून फिरून वाजणाऱ्या धुनेच्या) संथ सुरात ते लगेच कानाला लागतं. चित्राची प्रत्येक फ्रेम शतांश मिलिसेकंदांनी लांबली तर डोळ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून व्हिडिओ ट्रॅक निवडून ताणाच्या रकान्यात ३६०१.८/३६०० असं भरलं (आकडे इंग्रजी अंकांतच टाकावे लागतात) आणि आवाज होता तसा ठेवला. तासाची फाइल पाहता पाहता तयार झाली, कारण चित्र पुन्हा दाबून बसवायचं नसतं. व्हीएचएसच्या चित्रात आधीच खरखर असते. नव्याने एन्कोड केलं की वेगातली बोटं पुसट होतात, आणि आम्हाला तर बोटंच बघायची असतात.

तयार फाइल लावली तेव्हा पेशकारापासून शेवटच्या चक्रदारापर्यंत सम जिथे दिसते तिथेच ऐकू आली. वर्गात आता मी व्हीएलसीत वेग निम्मा करून रेला, म्हणजे वेगवान बोलांची रचना, दाखवते. निम्म्या वेगाला फरकही दुप्पट होतो, त्यामुळे आधी हे करणं शक्यच नव्हतं. ‘धिरधिर’ला तळहात शाईवर (तबल्याच्या काळ्या गोलावर) कसा वळतो हे मुलांनी बोलासकट पाहिलं. शिकवायला मला एवढंच हवं होतं.

उणिवा आहेत. आकडा भरल्यावर परिणाम तिथल्या तिथे दाखवणारी खिडकी नाही. फाइल बनवायची, व्हीएलसीत बघायची, चुकलं तर पुन्हा. रकान्यांची नावं वाचून नवख्या माणसाला काहीच उलगडत नाही. तयार होणारी एमकेव्ही फाइल माझ्या टीव्हीवर पेन ड्राइव्हने नीट चालते, पण जुन्या डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही. ज्यांना डिस्कच हवी त्यांना वेगळं सॉफ्टवेअर घेऊन नव्याने डीव्हीडी बनवावी लागेल. आणि डिस्कवर ओरखडे असतील तर इथे काही होणार नाही. आधी ती धड कॉपी व्हायला हवी.

सगळ्यात मोठी अडचण वेगळी आहे. फरक हळूहळू न वाढता झटक्यात उडी मारत असेल, म्हणजे टेप जिथे खराब तिथे एकदम अर्धा सेकंद, तर एक आकडा पुरत नाही. अशा डिस्कचे उडीच्या जागी तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळा विलंब द्यावा लागतो. तुकडे पाडायची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे, पण हवा तिथे काप पडत नाही. डीव्हीडीच्या चित्रात साधारण अर्ध्या सेकंदाने एक पूर्ण फ्रेम असते, काप तिथेच बसतो. मी कायदा आणि रेल्याच्या मधली शांत जागा बघून काप देते, म्हणजे बोल तुटत नाही. ज्यांच्याकडे मूळ कॅसेट आणि चालू व्हीसीआर दोन्ही आहेत, त्यांनी उड्या मारणारी डिस्क दुरुस्त करत न बसता कॅसेट पुन्हा उतरवून घ्यावी. माझ्याही एका डिस्कमध्ये अशा उड्या आहेत आणि तिची मूळ कॅसेट बुरशीने गेली, म्हणून मी तुकड्यातुकड्यानेच पुढे चालले आहे. कायद्यापर्यंत जुळलं आहे, पुढच्या ‘गती’ नावाच्या रचना अजून बाकी आहेत.