आशावाद मोजणारी 10 विधाने : सुधारित ‘लाइफ ओरिएंटेशन टेस्ट’चे परीक्षण

गंभीर आजाराचे निदान झालेल्या माणसाला ‘सकारात्मक राहा’ असे सगळेच सांगतात, पण त्यासाठी नेमके काय करायचे हे क्वचितच कोणी सांगते. म्हणूनच आशावादाचे मोजमाप करणारी प्रश्नावली बारकाईने तपासून पाहणे मला गरजेचे वाटते. मायकेल शायर आणि चार्ल्स कार्व्हर या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये मांडलेली आणि मायकेल ब्रिजेस यांच्यासह 1994 मध्ये सुधारलेली ‘लाइफ ओरिएंटेशन टेस्ट’ या क्षेत्रात फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

तिची रचना साधी आहे. एकूण 10 विधाने असतात आणि प्रत्येकाशी आपण कितपत सहमत आहोत हे पाच पर्यायांतून निवडायचे असते. गुण मात्र 6 विधानांचेच धरतात : तीन चांगले घडेल या अपेक्षेची, तीन त्याच्या उलट. उरलेली चार केवळ चाचणीचा रोख लगेच कळू नये म्हणून घातलेली आहेत. एकूण गुण 0 ते 24 यांच्या दरम्यान येतात. सुधारित आवृत्तीत मला विशेष मोलाचे वाटते ते हे, की आधीची जी विधाने अपेक्षेऐवजी संकटाकडे पाहण्याची पद्धत मोजत होती, ती कर्त्यांनी स्वतःच वगळली. त्यामुळे माणूस काय अपेक्षितो आणि संकटात तो काय करतो, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून त्यांचा संबंध तपासता येतो.

आणि खरे महत्त्व या संबंधालाच आहे. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेला सामोऱ्या गेलेल्या 51 पुरुषांच्या 1989 मधील अभ्यासात आशावादी रुग्ण बरे होण्याच्या योजना अधिक आखत होते आणि नेहमीच्या व्यवहारांकडे लवकर परतले. स्तनाच्या कर्करोगाचे सुरुवातीच्या टप्प्यात निदान झालेल्या 59 स्त्रियांच्या 1993 मधील अभ्यासात आशावादी स्त्रियांनी वास्तव अधिक प्रमाणात स्वीकारले, तर कमी आशावादी स्त्रियांमध्ये आजार नाकारणे आणि प्रयत्न सोडून देणे अधिक दिसले; मनस्तापातील फरक बऱ्याच अंशी या वागण्यातूनच आलेला होता. आशावादी माणूस धोक्याकडे पाठ फिरवतो हा समज त्यामुळे टिकत नाही.

तरीही या चाचणीची एक मर्यादा मला गंभीर वाटते. ‘हा आजार इतरांना होईल, मला नाही’ अशी धोका कमी लेखणारी समजूत, जिचा नील वाइनस्टाइन यांनी 1980 मध्ये अभ्यास केला, ती ही विधाने पकडत नाहीत, कारण ती आयुष्याबद्दलची सर्वसाधारण अपेक्षा विचारतात, विशिष्ट आजाराबद्दलची नव्हे. म्हणजे भरपूर गुण मिळवणारा माणूस तपासण्या वेळेवर करून घेतोच, असे केवळ या आकड्यावरून म्हणता येणार नाही.

आशावादी किंवा निराशावादी ठरवणारी कोणतीही सीमारेषा कर्त्यांनी आखलेली नाही आणि हा संयम मला मनापासून आवडतो. दुर्दैवाने काही ठिकाणी ही चाचणी गुणांनुसार शिक्के मारून दिली जाते. आधीच घाबरलेल्या रुग्णाला ‘तुमचा आशावाद कमी आहे’ असे ऐकवणे म्हणजे आजारासोबत त्याचा दोषही त्याच्या माथी मारणे होय. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील 2004 मधील एका अभ्यासात तर आशावाद आणि जगण्याचा कालावधी यांच्यात संबंध आढळलाच नव्हता, हे अशा वेळी अवश्य लक्षात घ्यावे.

संशोधनासाठी ही चाचणी मी निःसंकोच सुचवीन. समुपदेशकाने ती संवादाची सुरुवात म्हणून वापरावी. गुण बाजूला ठेवून रुग्णाला पुढच्या आठवड्यात काय घडेल असे वाटते आणि त्यासाठी तो काय करणार आहे, हे विचारावे. घरी एकट्याने भरून स्वतःविषयी निष्कर्ष काढण्यासाठी मात्र ती मी कोणालाही देणार नाही.