टाळू शिकवायचा कुठे? स्किल लॅबमध्ये की ओपीडीत?

एमबीबीएसच्या मुलांना दुभंगलेला टाळू, म्हणजे तोंडाचं छत, स्किल लॅबमध्ये सिलिकॉनच्या मॉडेलवर शिकवावा की थेट ओपीडीत, हा प्रश्न अनेक नवे सहकारी विचारतात. मी दोन्ही करून बसलोय.

मॉडेलची सोय नाकारण्यात अर्थ नाही. ओठ किंवा टाळू दुभंगलेलं मूल साधारण ७०० जन्मांत एक. ते काही आपलं टाइमटेबल बघून येत नाही. आलंच तर बाराजण टॉर्च घेऊन गराडा घालतात आणि आई अवघडून जाते. अशा मुलांत मऊ टाळूचे, म्हणजे टाळूच्या मागच्या बिनहाडाच्या भागाचे, स्नायू मधोमध एकमेकांना न मिळता हाडाच्या मागच्या कडेला जाऊन चिकटतात, हे तर मॉडेलवरच नीट कळतं. शिवाय मॉडेल रडत नाही.

माझं घोडं तिथेच अडलं. मॉडेलचं तोंड कायम उघडं! भेग आहे हे आधीच ठाऊक, मग ती सापडणारच. आमच्या अशाच तयार झालेल्या एका इंटर्नने नवजात बाळाच्या तोंडात बोट फिरवलं आणि 'टाळू नॉर्मल' लिहून टाकलं. तिसऱ्या दिवशी आई परत आली, दूध नाकातून येतंय म्हणून. मऊ टाळूतली भेग बोटाला सहज चकवते. जीभ खाली दाबून टॉर्चने पडजिभेपर्यंत बघावं लागतं, आणि बाळाने भोकाड पसरलं की टाळू सगळ्यात छान दिसतो. रडणाऱ्या बाळाला न घाबरणं लॅबमध्ये कसं शिकवणार?

दूध पाजण्याचंही तेच. एका आजीबाईंनी पिशवीतून बोंडलं काढलं, नातवाला जवळजवळ उभं धरलं, गालाच्या कडेने थोडं थोडं दूध सोडलं, मध्येच ढेकर काढली. मी गप्प बाजूला झालो.

तुमच्याकडे अशी मुलं क्वचितच येत असतील तर मॉडेल घ्याच, माझी हरकत नाही. पण टाळूची ओपीडी भरत असेल तर मी चौघांचीच बॅच करीन, आईला आधी विचारीन आणि मॉडेल तासाभरात आटोपीन.

त्याच आजीबाई जाता जाता सुनेला म्हणाल्या, "ग्रहणात विळी हातात घेतलीस ना, म्हणून हे." सून रडायला लागली. त्या दिवशीच्या माझ्या बॅचमधल्या चौघांपैकी एक मुलगी पुढे झाली आणि म्हणाली, "आजी, ग्रहणाचा काही संबंध नाही. टाळू तिसऱ्या महिन्यातच जुळून यायचा असतो, तो जुळला नाही, एवढंच."