प्लाझ्मा एक्स्चेंजसाठी हाताशी काय ठेवावं: एएसएफएची पत्रकं की वर्गणीचं संदर्भस्थळ?

नाशिकमध्ये प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रुग्णाच्या रक्तातला प्लाझ्मा मशीननं काढून त्याजागी दुसरा द्रव देणं, आता नवलाईचं राहिलेलं नाही. जीबीएसचा (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून लुळेपणा आणणारा आजार) रुग्ण आला की पूर्वी कसारा उतरून मुंबई गाठायचा विचार आधी व्हायचा. आता बरीच कामं इथेच होतात. मी रक्तकेंद्रात काम करतो. मशीन घेऊन आयसीयूत गेलो की तिथले तरुण डॉक्टर हमखास विचारतात, या विषयासाठी वाचायचं काय आणि पैसे घालायचे कशावर? मी दोन्ही वापरलंय, म्हणून लिहितो.

दोन्ही म्हणजे एक, अमेरिकन सोसायटी फॉर अफेरेसिसची, म्हणजे एएसएफएची मार्गदर्शिका, २०२३ ची नववी आवृत्ती. तिच्यात आजारागणिक वेगळं पत्रक असतं. आणि दुसरं, वार्षिक वर्गणीचं मोठं क्लिनिकल संदर्भस्थळ, जे आपण बाकी आजारांसाठी रोज उघडतोच. जाड पाठ्यपुस्तकं पाया पक्का करायला उत्तम, पण ऐन रात्री ती कोणी उघडत नाही. मशीन कंपनीचं प्रशिक्षण किट चढवायला आणि अलार्म समजायला पुरतं. कोणाला करायचं आणि कोणाला नाही, हे तिथून शिकू नये.

आधी संदर्भस्थळाची बाजू. ते रुग्ण पूर्ण बघतं. टीटीपी (बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन प्लेटलेट घसरण्याचा आजार) घ्या. पहिल्या एक्स्चेंजआधी एडीएएमटीएस-१३ चा (या आजारात कमी पडणारं एन्झाइम) नमुना काढून ठेवा, स्टेरॉइड कधी, रिटुक्सिमॅब कधी, कॅप्लासिझुमॅब मिळत असेल तर कसं, हे सगळं एका ओघात वाचायला मिळतं. आयजीजी या अँटीबॉडीचा निम्म्याहून अधिक साठा रक्तवाहिन्यांबाहेर असतो आणि तो परत रक्तात यायला वेळ लागतो, म्हणून बऱ्याच आजारांत दिवसाआड करतात, असली कारणमीमांसाही तिथे नीट उलगडून सांगितलेली असते. शिवाय मजकूर सतत सुधारत राहतो. एएसएफएच्या आवृत्त्या २०१६, २०१९, २०२३ अशा अंतराने आल्या. २०१९ च्या आवृत्तीत एएनसीए व्हॅस्क्युलायटिसमधल्या (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) किडनीवर गंभीर परिणाम झालेल्या रुग्णांना पहिली श्रेणी, म्हणजे प्रथम पसंतीच्या उपचाराची जागा, होती. २०२० मध्ये पेक्सिव्हास चाचणी आली. ७०४ रुग्ण होते, आणि प्लाझ्मा एक्स्चेंजमुळे मृत्यू किंवा किडनी कायमची निकामी होणं कमी झाल्याचं दिसलं नाही. नववी आवृत्ती येईपर्यंत पत्रक जुनंच राहिलं. हा एएसएफएचा खरा कमीपणा आहे.

एएसएफएचं बलस्थान तिच्या साच्यात आहे. ९१ पत्रकं, १६६ इंडिकेशन्स (उपचार करण्याची कारणं), आणि प्रत्येक पत्रकाची मांडणी एकच. वर श्रेणी आणि ग्रेड (शिफारशीचं बळ आणि पुराव्याचा दर्जा), त्याखाली किती चाचण्या आणि किती रुग्णांवर हे मत बेतलंय त्याचा हिशोब, मग आजार, उपचार, तर्क. शेवटी तांत्रिक टिपा: किती व्हॉल्यूम, बदली द्रव कोणता, किती दिवसांनी, आणि किती वेळा करून थांबायचं.

माझं पारडं झुकलं ते या शेवटच्या ओळीमुळे.

माझ्या अनुभवात विभागाविभागांत वाद होतो तो सुरू करण्यावरून क्वचितच. न्यूरोवाले, नेफ्रोवाले, इंटेन्सिव्हिस्ट, सुरुवातीला सगळ्यांचं एकमत असतं. तिसऱ्या-चौथ्या सायकलनंतर प्रश्न उभा राहतो. नातेवाईक कॉरिडॉरमध्ये गाठतात: "सर, अजून किती वेळा करावं लागेल? त्या हिशोबानं पैशाचं बघतो." निफाड-दिंडोरीकडचा माणूस असेल तर ते पैसे कुठून येणार हे आपल्यालाही ठाऊक असतं. अशा वेळी संदर्भस्थळ उघडलं की बरेचदा "रुग्णाच्या प्रतिसादानुसार" एवढंच हाती लागतं. मग प्रक्रियेचं वेगळं पान, गुंतागुंतीचं वेगळं पान, आजाराचं वेगळं. तीन पानांतून वेचून उत्तर आपणच बांधायचं. त्यातच आयसीयूच्या सामाईक संगणकावर लॉगिन बाहेर पडलेलं असतं. कदाचित मला शोधायची सवय कमी असेल, पण सहकाऱ्यांचंही असंच ऐकलंय.

एएसएफएचं टीटीपीचं पत्रक स्पष्ट सांगतं: रोज, १ ते १.५ प्लाझ्मा व्हॉल्यूम (एक व्हॉल्यूम म्हणजे रुग्णाच्या अंगातला एकूण प्लाझ्मा), बदली द्रव प्लाझ्मा. प्लेटलेट दीड लाखावर आणि एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मलच्या जवळ सलग दोन-तीन दिवस राहिले की थांबा. जीबीएससाठी १० ते १४ दिवसांत ५-६ वेळा. एवढं नातेवाइकांना सांगता येतं, आणि रक्तकेंद्राला साठ्याचा अंदाज बांधता येतो. ६० किलोचा रुग्ण, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) ३०, म्हणजे एक व्हॉल्यूम साधारण पावणेतीन लिटर. टीटीपीत २०० मिलीच्या तेरा-चौदा पिशव्या एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा), तेही रोज. रुग्ण एबी गटाचा असेल तर शहरभर फोन फिरवावे लागतात. थांबायचं कधी हे पहिल्या दिवशी ठरलेलं नसेल, तर पाचव्या दिवशी सगळेच अडकतात.

पण ही पत्रकं डोळे झाकून वापरायची नाहीत. तीव्र यकृत निकामीपणाचं पत्रक बघा. तिथे हाय-व्हॉल्यूम एक्स्चेंजला पहिली श्रेणी आहे, साध्या व्हॉल्यूमला तिसरी. हाय-व्हॉल्यूमची मुख्य चाचणी २०१६ ची, रोज ८ ते १२ लिटर, तीन दिवस. एका रुग्णासाठी दिवसाला चाळीस-साठ पिशव्या आपल्या शहरात कुठून काढायच्या? आपण इथे करतो ते बहुधा साधं व्हॉल्यूम असतं, आणि त्याला पहिल्या श्रेणीचा दाखला जोडता येत नाही. चर्चेत नेमका हाच फरक सुटतो. सर्पदंशाचंही तसंच. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडून घोणस चावलेले रुग्ण येतात, पण दंश, विषबाधा आणि औषधाचा अतिडोस हे सारं एएसएफएनं एकाच पत्रकात बसवलंय. तिथे ते अपुरं वाटतं.

तिसरी श्रेणी म्हणजे "करू नका" असा अर्थही काहीजण काढतात. तसं नाही, नेमकी भूमिका ठरलेली नाही, रुग्णागणिक विचार करा, एवढंच ती म्हणते. निष्फळ किंवा घातक ती चौथी. टीपीएकडून (विम्याचे दावे तपासणाऱ्या संस्थेकडून) शंका आली की श्रेणी आणि ग्रेडसह छापील पत्रक फाइलला जोडलेलं बरं पडतं, असा माझा अनुभव आहे.

डायलिसिस मशीनवर प्लाझ्मा फिल्टर लावून काम करणाऱ्या नेफ्रॉलॉजिस्टना दोन्हीकडे थोडी जुळवाजुळव करावी लागेल. सेंट्रिफ्यूजमध्ये (रक्त गरगर फिरवून प्लाझ्मा वेगळा करणारं मशीन) रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट चालतं आणि रक्तप्रवाह कमी पुरतो. फिल्टरला जास्त प्रवाह आणि मोठा कॅथेटर लागतो. एसीई इनहिबिटर (रक्तदाबाच्या गोळ्यांचा एक प्रकार) २४ तास आधी बंद, हे मात्र दोघांनीही पाळायचं.

ज्या फिजिशियनला वर्षाकाठी एखादाच असा रुग्ण पुढे पाठवायचा असतो, त्याला वर्गणी पुरेशी आहे. बहुधा ती रुग्णालयाकडे असतेच. ऑर्डरवर ज्याची सही असते, त्यानं एएसएफए जवळ ठेवावी असं मला वाटतं. सुरुवातीला टीटीपी, जीबीएस, मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) आणि यकृत, एवढी चारच पत्रकं वाचा. आणि डॉक्टरांच्या ग्रुपवर फिरणारी पीडीएफ उघडलीत तर पहिल्या पानावरचं साल बघा. २०१९ असेल, तर त्यातलं एएनसीएचं पत्रक वापरू नका.