जुन्या जादूच्या अंकांतले प्रयोग : सात महिने करून पाहिल्यावर

अंकांच्या स्कॅन प्रती, जून ते डिसेंबर, मुक्काम कोल्हापूर. मुख्यतः जादूगारांसाठीची दोन अमेरिकन नियतकालिकं : जादूगार थिओडोर अ‍ॅनेमनचं ‘द जिंक्स’ (१९३४-४१) आणि ‘द लिंकिंग रिंग’.

सगळ्यात वसूल झाला तो ‘लिंकिंग रिंग’चा जुलै १९५८चा अंक. नॉर्मन गिलब्रेथ या गणितज्ञाचं पत्ते मिसळण्याचं तत्त्व त्यात आहे. ५२ पत्ते एक लाल, एक काळा असे लावायचे. कॅट काटून दोन गठ्ठे करायचे. दोन्हींच्या तळाची पानं वेगळ्या रंगांची हवीत. मग अंगठ्यांनी कडा सोडत गठ्ठे एकदाच एकमेकांत मिसळायचे. आता वरून दोन-दोन पानं काढा, प्रत्येक जोडीत एक लाल, एक काळं! कितीही वेडंवाकडं मिसळा, जोडी फुटत नाही. कारण साधं आहे. एका गठ्ठ्यातून लाल पडलं की दोन्हींच्या तळाशी काळंच उरतं, म्हणजे पुढचं काळंच पडणार. तळाला एकच रंग आला, तर मिसळल्यावर वरचं एक पान तळाला घालावं, गाडी रुळावर येते. त्याहून सोपं म्हणजे वरून एकेक पान टेबलावर वाटत एक गठ्ठा करावा; मग तळाचे रंग बघायलाच नकोत.

घोळ होतो तो पिसण्यात. आपल्याकडे कॅट हातात दिला की माणूस हातावरच पिसतो आणि रचना मोडते. तेव्हा प्रेक्षकाला “पिसा” म्हणू नये. दोन्ही गठ्ठे टेबलावर पालथे पसरून एकमेकांत सरकवायला सांगावं.

जुलै-ऑगस्टच्या इथल्या ओलीत कागदी पानं चिकटतात. मिसळताना चार पानं एकदम पडली तरी बिघडत नाही, पण जोड्या काढताना एकाऐवजी दोन आली की पुढचं सगळं सरकतं. कॅट सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट डब्यात ठेवावा. पूर्ण प्लॅस्टिकची पानं फार निसरडी, नवख्यांनी टाळावीत.

नाण्यांचे अमेरिकन लेख हाफ डॉलर धरून लिहिलेले, म्हणजे ३०.६ मिमी. आपलं दहाचं नाणं २७ मिमी, तळहातात लपवायला तसं बसत नाही. ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया जवळपास त्याच मापाचा. इथल्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सराफांकडे चौकशी करावी. कड झिजलेला घेऊ नये, पकड दातेऱ्यांवरच असते.

पाण्याची ‘वाइन’ करण्याच्या जुन्या कृती मात्र करूच नयेत. टॅनिक अ‍ॅसिड आणि फेरिक क्लोराईडने काळं झालेलं पाणी निवळायला त्यांत ऑक्झॅलिक अ‍ॅसिड घालतात. ते विष आहे, आणि पेला पाहिला की एखादं पोर तोंडाला लावतंच.