ओढ्यातले मासे घरपोच देतो म्हणाला आणि माझे २४,३९९ रुपये घेऊन गेला

चोवीस हजार तीनशे नव्व्याण्णव. आकडा पूर्ण लिहितेय, कारण घरी आठ दिवस मी "सहा-सात हजार गेले" एवढंच सांगत होते. लाज वाटत होती. नऊ वर्षं घरात टँक आहे, लोक मला माशांचे फोटो पाठवून जात विचारतात, आणि ज्यातलं मला कळतं त्यातच मला फसवलं.

हे मासे मला का हवे होते ते आधी सांगते, कारण ज्याने त्याने "नसते उद्योग" म्हणून ऐकवून झालंय. दुकानात जा, गोल्डफिश, एंजल, फ्लॉवरहॉर्न. आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांचा एक मासा दिसत नाही. कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा एकाचं शास्त्रीय नाव आपल्या 'मुरे' या शब्दावरूनच ठेवलं. कृष्णेच्या खोऱ्यातला बालिटोरा लॅटिकॉडा तर शास्त्राला ठाऊक झाला २०१२ मध्ये. बोटभर लांबीचा, तपकिरी, पाठीवर गडद डाग, वाहत्या पाण्यात दगडाला पोट लावून बसणारा. दगडावरून नजर फिरवली तरी दिसत नाही असा. म्हणूनच कुणी पाळत नाही, आणि म्हणूनच मला तो हवा होता.

ओढ्यावर जाऊन जाळीने चार मासे उचलून आणणं मला अजिबात अवघड नव्हतं. मी ते केलं नाही. उन्हाळ्यात ओढ्याची डबकी होतात, उरलेसुरले मासे त्यातच अडकलेले असतात, तिथून उचलायचं नाही हे माझं पक्कं होतं. म्हणून टाकीत पैदास करणारा माणूस शोधत होते. जो विकणारा सापडला त्याने नेमकं तेच लिहिलं होतं: "घरची पैदास, ओढ्यातून धरलेले नाहीत." मला काय ऐकायचंय ते त्याला बरोबर माहीत होतं.

बोलला तोही जाणकारासारखा. पाणी तापलं की हे मासे गुदमरतात, हे त्याने आपणहून सांगितलं, आणि ते खरंच आहे. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, तीस अंशांना जेमतेम साडेसात. "ताई, झाकणाऐवजी जाळी टाका, वर पंखा लावा, प्रवाह जोरात ठेवा." एवढं सांगणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल?

आणि आता त्याने पाठवलेली ती व्हिडिओ क्लिप. एकोणीस सेकंदांची. ही गोष्ट लिहिताना अजून हात थरथरतो. मासा काचेला आतून चिकटलेला, त्यामुळे त्याचं पोट स्वच्छ दिसत होतं. पोटाखालचे दोन्ही पर मागे एकमेकांना जोडलेले, सबंध चकतीसारखे. अंगावर पिवळट जाळीदार नक्षी. आपल्या बालिटोराचे ते पर सुटे असतात, दोन बाजूंना दोन. जोडलेली चकती आणि जाळीची नक्षी म्हणजे सेवेलिया, व्हिएतनामकडचा मासा. मला हे माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं! मी विचारलंसुद्धा, "हे नक्की आपलेच ना?" तो म्हणाला, "ताई, पावसाळ्यात यांचा रंग असाच खुलतो." मी पराबद्दल विचारलं होतं, त्याने उत्तर रंगाचं दिलं, आणि मी "बरं" म्हटलं. तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण तोवर टोकनचे १,५०० देऊन झाले होते, आणि महिनाभर बाल्कनीत उन्हात दगड ठेवून मी त्यांच्यावर माशांसाठी शेवाळ वाढवलं होतं. ते हिरवे दगड समोर दिसत असताना माणसाला नाही म्हणवत नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. बारा माशांची बाकी रक्कम ४,८००. थर्माकोलचा डबा, ऑक्सिजन पॅकिंग, बर्फ १,३५०. मग "गाडी नाक्यावर अडवली, वाहतूक परवाना लागेल" म्हणून ६,७५०, सोबत गोल शिक्क्याची पावती. मग ९,९९९ अनामत, मासे पोहोचले की परत मिळणार म्हणून. त्यानंतर तपासणीचे १२,५०० मागितले तेव्हा कुठे मी थांबले. सरकारी फी कुणाच्या खाजगी यूपीआयवर जात नसते, हे एक वाक्य त्या दिवशी कुणी माझ्या कानात ओरडून सांगायला हवं होतं.

पैसे गेले याच्याइतकाच संताप नंतरच्या हेलपाट्यांचा आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "मॅडम, मासेच ना?" बाकावरचे दोघं हसले. दुसऱ्या दिवशी सांगितलं, खातं परराज्यातलं आहे, इथे होणार नाही. तिसऱ्या दिवशी मलाच विचारलं, असे मासे पाळायला तुमच्याकडे परवानगी आहे का? फिर्याद द्यायला गेलेली मी, आणि खुलासा मीच करायचा! बँकेत तीन खिडक्या फिरले. शेवटी कळलं, रक्कम त्याच संध्याकाळी काढून घेतली गेली. ज्या सरकारी खात्याची म्हणून परवान्याची पावती होती तिथल्या कार्यालयातही गेले. साहेबांनी शिक्का पाहिला आणि म्हणाले, अशी फी आमच्याकडे नसतेच. मग तसं लेखी द्या म्हटलं, तर "लेखी देता येणार नाही." म्हणजे पावती खोटी आहे हे सगळ्यांना मान्य, पण कागदावर कुणी उतरवणार नाही. आणि तो कागद नाही म्हणून ठाण्यात माझा अर्ज पुढे सरकत नाही. अडीच महिने झाले.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, त्याच तासात. मी लाजेपायी चार दिवस घालवले, तोवर पैसे निघून गेले होते. चॅट पुसू नका, रागाच्या भरात मी अर्धं पुसलं. मासे विकणाऱ्याला सांगा, आजची तारीख लिहिलेला कागद टँकच्या काचेला लावून व्हिडिओ कॉल कर. पैसे परत घ्यायला पिन टाकावा लागत नाही, कधीच नाही. आणि माशाचं पोट बघा, पर मोजा, शंका आली की तिथेच थांबा, दगडांवर कितीही शेवाळ वाढलेलं असो.

टँक तसाच चालू आहे. दोन्ही पॉवरहेड पंप पाणी फिरवतायत, शेवाळ खायला कुणी नाही म्हणून दगड केसाळ झालेत. बंद करायला अजून हात होत नाही.

काल तीच क्लिप नव्या नावाखाली फिरताना दिसली. काचेच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या बादलीचं प्रतिबिंब आहे आणि अकराव्या सेकंदाला अंगठा मध्ये येतो, त्यावरून ओळखा. आता टोकन २,००० मागतोय.