कॉर्डलेस क्लिपर, दिवाळी ते चवथ: वेंगुर्ल्याच्या दमट हवेतला वापर

गेल्या दिवाळीत सलूनसाठी रोटरी (फिरत्या) मोटरचं कॉर्डलेस क्लिपर, म्हणजे केस कापायचं बिनवायरचं मशीन, घेतलं, सव्वातीन हजारांना. आता चवथ होऊन गेली, म्हणजे मे महिन्याचा उकाडा, अख्खा पावसाळा आणि चवथीआधीची गर्दी यांतून ते बाहेर पडलंय. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच घडणीची मशीनं वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांना लागू आहे: मशीन तापतं ते बहुतेक वेळा ब्लेडपासून. मोटर आणि बॅटरीवर संशय नंतर घ्या.

आधीचं मशीन वायरचं, मॅग्नेटिक होतं, म्हणजे विजेच्या कॉइलच्या चुंबकाने ब्लेड हलवणारं. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर त्याचं ब्लेड मिनिटाला साधारण ६००० वेळा हलतं. कॉइल मुळातच तापणारी, त्यामुळे लागोपाठ चार-पाच कटिंग झाली की बॉडी हातात धरवत नसे. व्होल्टेज उतरलं की पॉवर स्क्रू (ब्लेडचा जोर जुळवायचा स्क्रू) फिरवत बसायचं, आणि पावसात लाईट गेली की गिऱ्हाईक अर्ध्या डोक्याने खुर्चीत. नव्या मशीनने हा त्रास मिटवला. बॉडी कोमट होते, त्यापलीकडे जात नाही.

ब्लेड मात्र याचंही तापतं. वरचं ब्लेड खालच्यावर सतत घासत असतं. तेल आटलं की घर्षण वाढतं, घर्षण वाढलं की मोटर जास्त करंट ओढते, आणि करंट दुप्पट झाला तर वायंडिंगमधली, म्हणजे मोटरच्या तारांच्या वेटोळ्यातली, उष्णता चौपट होते. म्हणून ब्लेडचा चटका, मोटरचा बदललेला आवाज आणि लवकर उतरणारी बॅटरी या तीन तक्रारी एकदमच येतात. फेड करताना, म्हणजे कडेचे केस खाली बारीक करत नेताना, गार्ड (केसांची लांबी राखणारा कंगवा) काढलेला असतो, ब्लेड थेट कातडीला टेकतं, आणि मग ऐकू येतं, ‘अरे, मानेक चटको बसता!’ ती वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाआधी ब्लेड मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघतो. मला सोसवलं नाही तर दुसरं ब्लेड लावतो आणि तापलेलं ग्रॅनाइटच्या तुकड्यावर ठेवतो. दगड उष्णता भराभर ओढून घेतो.

आता तेलाबद्दल, कारण आपल्याकडे इथेच सगळं बिघडतं. कोकणात घराघरात खोबरेल असतं आणि तेच मशीनला लावतात. लावू नका. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, थंडीत सकाळी बाटलीत गोठलेलं आपण सगळेच बघतो. शिवाय हवा लागून ते चिकट होतं, त्यात केसांचा भुगा आणि पावडर बसून लगदा तयार होतो, आणि तो लगदाच ब्लेड जड करतो. मशीनसोबत आलेलं पातळ तेल संपलं तर शिलाई मशीनचं तेल चालतं. दातांवर तीन थेंब, मागे दोन्ही कडांना एकेक, मशीन क्षणभर चालवायचं, वर आलेलं तेल पुसून टाकायचं. स्पिरिटने ब्लेड पुसल्यावर तेल पुन्हा द्यावंच लागतं, कारण स्पिरिट जंतूंबरोबर तेलही नेतं.

दुसरी गोष्ट खारं वारं. माझं दुकान समुद्रापासून लांब नाही. हवेतला मीठाचा थर ब्लेडवर बसतो, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात त्याहून कमी आर्द्रता क्वचितच असते. म्हणजे पुसून ठेवलेलं ब्लेडही ओलंच राहतं, त्यावर बारीक गंज धरतो, आणि खरखरीत ब्लेड तापणारच. रात्री तेल लावून, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला लागल्यापासून माझं ब्लेड स्वच्छ आहे. पावसात भिजून आलेल्या गिऱ्हाइकाचे केस आधी पूर्ण कोरडे करतो. ओले केस दातांत अडकतात आणि मशीन कण्हायला लागतं.

कूलंट स्प्रे मी ठेवतो, पण तो तेलाची जागा घेत नाही. त्यातलं द्रव उडून जाताना गारवा देतं, बस्स. बहुतेक स्प्रे ज्वालाग्राही असतात, तेव्हा मशीन बंद करून आणि देवाच्या दिव्यापासून लांबच मारा.

श्रावण पाळणारे सगळे चवथीच्या तोंडावर येतात, वर मुंबईहून चाकरमानी. त्या दिवसांत एकट्या मशीनवर भागत नाही. जुनं मॅग्नेटिक आणि हे, आलटून पालटून चालवलं. लिथियम बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावू नये. ४५ अंशांच्या वर चार्ज केली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. काम संपल्यावर निवू द्यायची, मगच केबल. काचेशी ऊन येतं तिथे तर मुळीच नाही.

तक्रारी दोन. केस झाडायचा ब्रश इतका मऊ आहे की दातांच्या मुळाशी पोचत नाही, मी जुना टूथब्रश वापरतो. आणि चार्जिंगच्या पिनेवर जूनमध्येच हिरवट थर आला. कंपनीचं सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात नाही, मशीन कुरिअरने पाठवावं लागलं आणि परत यायला बरेच दिवस गेले. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पिनेला रबरी झाकण असलेलंच मॉडेल घ्यावं. ब्लेडचा जोड सुटा मिळतो का, हेही घेण्याआधी दुकानदाराला विचारा. या मशीनचा मिळतो, म्हणून ब्लेडची धार गेली तरी ते टाकून द्यावं लागणार नाही.