लीगचे नियम लिहिणाऱ्याच्या नजरेतून लीचेस

नागपुरातील हौशी बुद्धिबळपटूंची ऑनलाइन लीग चालवायची असेल आणि तिच्या नियमांवर कोणालाही पक्षपाताचे बोट ठेवता येऊ नये अशी इच्छा असेल, तर त्यासाठी लीचेस हे संकेतस्थळ मी निःसंकोच सुचवीन. मात्र तेथे मिळणारी साधने म्हणजेच नियमावली, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. आमच्या लीगच्या नियमांचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यामुळे तेथे खेळताना किती मजा येते यापेक्षा सर्वांना सारखा न्याय देण्यासाठी ते संकेतस्थळ कितपत उपयोगी पडते, याच अंगाने हे परीक्षण लिहीत आहे.

थिबो द्युप्लेसी यांनी २०१० मध्ये सुरू केलेले लीचेस आज फ्रान्समधील एका ना-नफा संस्थेमार्फत, देणग्यांवर चालते. त्यावर जाहिराती नाहीत आणि पैसे भरून उघडणाऱ्या जादा सोयीही नाहीत. महालातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला आणि मिहानमधील अभियंत्याला डावाच्या विश्लेषणाची साधने अगदी सारखीच मिळतात, ही समानता लीगच्या दृष्टीने मोलाची आहे.

पहिला निर्णय स्पर्धेच्या प्रकाराचा: अरेना की स्विस. लीचेसवरील अरेना प्रकारात लागोपाठ दोन डाव जिंकल्यावर पुढील डावांचे गुण दुप्पट होतात, स्वतःचा वेळ निम्मा करून जिंकणाऱ्याला एक जादा गुण मिळतो आणि ठरलेल्या वेळेत जितके डाव उरकतील तितके खेळता येतात. रविवारच्या संध्याकाळी हा प्रकार उत्तम असला, तरी संपूर्ण हंगामाचा विजेता त्यावरून ठरवणे मला मान्य नाही, कारण त्यात खेळाच्या दर्जाइतकेच महत्त्व वेगाला येते. संघांच्या लढतीही याच पद्धतीने होतात. एका संघाचा पहिला खेळाडू दुसऱ्याच्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी, अशी पटवार मांडणी तेथे नाही. म्हणून या दोहोंपैकी लीगसाठी स्विस पद्धतच निवडावी; तीत फेऱ्या ठरलेल्या असतात आणि प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लागतात. जोड्या फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या हस्तपुस्तिकेतील ‘डच’ नावाच्या पद्धतीनुसार लागतात, दोन फेऱ्यांमध्ये आठवड्याभराचे अंतर ठेवता येते आणि ३० चालींच्या आत परस्परसंमतीने बरोबरी करता येत नाही. आपसांत ठरवून अर्धा-अर्धा गुण वाटून घेण्याची वाट या शेवटच्या तरतुदीने बरीच अरुंद होते.

गुण समान झाल्यास लीचेस सोनबॉर्न-बर्गर पद्धत वापरते. तुम्ही ज्यांना हरवले त्यांचे पूर्ण गुण आणि ज्यांच्याशी बरोबरी केली त्यांचे निम्मे गुण, अशी ती बेरीज असते. गणित सोपे आहे, पण त्यामुळे मधूनच लीग सोडून जाणारा खेळाडू स्वतःबरोबर इतरांचेही नुकसान करतो, कारण त्याचे गुण जिथल्या तिथे थांबतात आणि त्याला हरवणाऱ्याची बेरीज खुंटते. आमच्यासारख्या लहान गटाला मात्र प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळण्याची साखळी पद्धत अधिक न्याय्य ठरते. लीचेसवर ती तयार स्वरूपात नाही, परंतु स्विस स्पर्धेत जोड्या हाताने भरण्याची सोय आहे आणि कोणत्या फेरीत कोण कोणाशी खेळेल हे सांगणारे फिडेचे बर्गर तक्ते वापरून ती चालवता येते. साखळी पद्धतीसाठी रूढ नियमही उपलब्ध आहे: निम्म्यापेक्षा कमी डाव खेळून कोणी बाहेर पडला, तर त्याचे सर्व निकाल गुणतक्त्यातून वगळावेत, निम्मे किंवा अधिक खेळून गेला, तर उरलेले डाव प्रतिस्पर्ध्यांना बहाल करावेत. हा नियम मी मसुद्यात जसाच्या तसा घेतला आहे.

सर्वांत अधिक विचार मला इंटरनेटची जोडणी तुटण्याच्या प्रश्नावर करावा लागला. ३० ऑगस्ट २०२० रोजी बुद्धिबळाच्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात भारत आणि रशिया यांची पहिली लढत ३-३ अशी सुटली आणि दुसऱ्या लढतीत निहाल सरीन व आपल्या नागपूरची दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली आणि वेळ संपल्याने ते डाव हरले. भारताने अपील केले आणि बिघाड खेळाडूंच्या हाताबाहेरचा होता हे लक्षात घेऊन फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोरकोविच यांनी दोन्ही देशांना संयुक्त सुवर्णपदक दिले. निर्णय समंजसपणाचा होता, पण तो सामना संपल्यानंतर झाला. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो आणि लीचेसवर तर जोडणी तुटली तरी घड्याळ चालूच राहते. तेव्हा एकट्या खेळाडूची जोडणी तुटल्यास डाव त्याने गमावला असे धरावे. तसे न केल्यास हरत आलेला डाव वायफाय बंद करून वाचवण्याचा मोह होईल. अनेक पटांवर एकाच वेळी व्यत्यय आला, तर ते डाव त्याच रंगाच्या मोहऱ्यांनी पहिल्यापासून पुन्हा खेळवावेत. अर्धवट स्थितीतून पुढे खेळवणे योग्य नाही, कारण मधल्या काळात ती स्थिती कोणीही संगणकाकडून तपासून घेऊ शकतो. एका हत्तीने पुढे असलेल्या खेळाडूला हे कठोर वाटेल याची मला जाणीव आहे, पण नियम त्याला पहिल्या फेरीआधीच ठाऊक असेल.

वेळेसाठी १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीला १० सेकंद ही मर्यादा मला योग्य वाटते. ६० चालींचा डावही त्यात जास्तीत जास्त ५० मिनिटांत संपतो, त्यामुळे बुटीबोरीहून पाळी संपवून घरी पोहोचलेल्या माणसालाही रात्रीची फेरी खेळता येते. पोळा, तान्हा पोळा व मारबतीचा दिवस आणि दीक्षाभूमीवर गर्दी लोटते तो धम्मचक्र प्रवर्तन दिन या दिवशी फेरी ठेवू नये, हे वेळापत्रकातच लिहून टाकावे.

संगणकाची मदत घेणाऱ्यांच्या बाबतीत लीचेसची स्वयंचलित तपासणी आणि मानवी नियंत्रक दोन्ही काम करतात आणि दोषी ठरलेल्याकडून हरलेल्यांना त्यांचे रेटिंग गुण, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारे गुण, परत मिळतात. लीगच्या तक्त्यातील गुणांचे काय करायचे, हे मात्र आपणच ठरवले पाहिजे. माझ्या मते अशा खेळाडूच्या सर्व प्रतिस्पर्ध्यांना एकेक पूर्ण गुण द्यावा, म्हणजे त्याच्याशी कोण आधी खेळला आणि कोण नंतर याने फरक पडत नाही. व्हॉट्सॲपच्या गटात कोणावरही उघड आरोप करण्यास सक्त मनाई असावी; एखाद्या दहावीच्या मुलाने खरोखरच सुंदर डाव खेळला आणि त्याच्यावर संशयाचा शिक्का बसला, तर तो पुन्हा खेळायला येणार नाही. लहान मुलांच्या खात्यांसाठी संवाद बंद ठेवणारा किड मोड लीचेसवर आहे, तो सक्तीचा करावा. खाते प्रत्येकी एकच आणि आयोजकांना माहीत असलेले असावे.

माझ्या मते लीचेसची एक बाजू अपुरी आहे. स्विस स्पर्धेची सूत्रे गटाच्या प्रमुखाच्या हाती असतात, आणि हौशी लीगमध्ये हा प्रमुख बहुधा स्वतःही खेळत असतो. जोड्या हाताने भरण्याचा अधिकार असलेला माणूसच तक्त्यात पहिल्या तिघांत असेल, तर तो कितीही प्रामाणिक असला तरी प्रश्न उठणारच. त्यासाठी प्रमुखपद न खेळणाऱ्या व्यक्तीकडे द्यावे, साखळीतील जोड्यांचे क्रमांक सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून एकदाच काढावेत आणि तक्रार निकालानंतर २४ तासांच्या आत तीन जणांच्या समितीकडे लेखी करावी. समितीतील ज्याचा त्या डावाशी किंवा त्याच्या निकालामुळे बदलणाऱ्या क्रमांकाशी संबंध असेल, त्याने त्या तक्रारीपुरते बाजूला व्हावे आणि त्याच्या जागी बसणाऱ्या राखीव सदस्याचे नाव हंगाम सुरू होण्यापूर्वीच जाहीर झालेले असावे.